फाटक उघडं आहे : ब्रिटनमधल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

प्रति,
ब्रिटनमधल्या सर्व महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सभासद

सप्रेम नमस्कार.

मागणी एकच आहे, म्हणून आधीच सांगते. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात संक्रांत, गुढीपाडवा, गणपती आणि दिवाळी यांच्या जोडीला एक दिवस चालण्याचा ठेवा. त्याला हॉल लागत नाही, माइक लागत नाही, कलाकारांच्या व्हिजाची धावपळ लागत नाही. एखाद्या लहान गावातून निघायचं, रानातून चढायचं, वरच्या मूरवरून, म्हणजे झाडं नसलेल्या मोकळ्या उंच माळावरून, वळसा घालायचा आणि दुसऱ्या वाटेने त्याच गावात उतरायचं. या देशात अशा शेकडो फेऱ्या आहेत आणि त्यांवर आपली माणसं फार थोडी दिसतात.

मी वेस्ट यॉर्कशायरमध्ये राहते, एका मंडळाची वर्गणी भरणारी साधी सभासद आहे. कार्यकारिणीवर टीका करायला हे पत्र लिहीत नाही. नोकरी, घर, मुलांच्या शाळा सांभाळून तुम्ही गणपती बसवता, तीनशे माणसांचं जेवण काढता, त्याची किंमत मला कळते. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे आणि ती मंडळच करू शकतं असं मला वाटतं.

आपल्या माणसांना चालायचं वावडं आहे असं अजिबात नाही. पुण्या-मुंबईला असताना शनिवारी रात्रीची शेवटची लोकल पकडून राजमाची, हरिश्चंद्रगड करणारे कितीतरी जण आज लीड्स, रेडिंग, मिल्टन कीन्सला आहेत. वारीत चाललेल्या आजी-आजोबांची नातवंडं आहेत. श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्या घरातली मंडळी आहेत. तीच माणसं इथे डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावतात, फोटो काढतात, डबा खातात आणि परत फिरतात. कारण समोर फाटक असतं.

ते फाटक कसं असतं ते सांगते. लाकडी खांब, खांबावर तळहाताहून लहान गोल चकती, चकतीवर पिवळा बाण. फाटकाला लोखंडी कडी. पलीकडे मेंढ्या चरताहेत, लांबवर शेतकऱ्याचं घर आहे, अंगणात कुत्रा भुंकतोय. आपल्या मनात लगेच येतं : कुणाच्या तरी शेतातून कसं जायचं? कुणी ओरडलं तर? आपला चेहरा, आपले उच्चार, आपला व्हिजा, सगळं एका क्षणात आठवतं. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्या गोष्टीची भीती वाटते ती कायद्याने आपली आहे, आणि हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

पिवळा बाण म्हणजे सार्वजनिक पायवाट. जमीन शेतकऱ्याची, मेंढ्या त्याच्या, पण त्या रेषेवरून चालायचा हक्क सगळ्यांचा. बाण निळा असेल तर घोडा आणि सायकललाही मुभा. १९४९ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या कौंटी कौन्सिलांना या वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. एकदा वाट त्या नकाशावर चढली की ती आहे याचा तो नकाशाच पक्का पुरावा. अशा वाटा सगळ्या मिळून सुमारे २,२५,००० किलोमीटर भरतात. त्यावर २००० साली आणखी एक कायदा झाला. त्यानुसार नकाशावर नोंदलेल्या डोंगरांवर, मूरवर आणि सामाईक माळांवर वाट सोडूनही पायी हिंडता येतं. फाटक आणि गडग्यावरून चढायच्या पायऱ्या नीट ठेवायची जबाबदारी जमीनमालकाची असते, आणि कुणी वाट अडवली तर कौन्सिलकडे तक्रार करता येते. ज्यांच्या गावाकडे शेतरस्त्याचं भांडण तहसीलदारापर्यंत गेलं आहे, आणि गावनकाशावरची ती तुटक रेष दाखवूनही वाट मोकळी झालेली नाही, त्यांना ही व्यवस्था किती मोलाची आहे ते वेगळं सांगायला नको. या हक्कासाठी नागरिकत्व लागत नाही. परवा विमानातून उतरलेल्या विद्यार्थ्यालाही तो तितकाच आहे.

आणि हा हक्क कुणी तबकात घालून दिलेला नाही. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टर आणि शेफील्डकडचे काहीशे तरुण, बहुतेक गिरण्या-कारखान्यांतले, डर्बीशायरमधल्या किंडर स्काउट डोंगरावर ठरवून घुसले. ग्राउस पक्ष्याच्या शिकारीसाठी तो मूर राखून ठेवलेला होता, सामान्यांना बंदी होती. राखणदारांशी झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा वीस वर्षांचा होता. रोमानियातून आलेल्या ज्यू आईबापांचा हा मुलगा. म्हणजे आज आपण ज्या वाटांवर पाऊल टाकायला बिचकतो त्या वाटांसाठी तुरुंगात गेलेल्यांत परदेशातून आलेल्यांचीच मुलं होती. त्या जमिनीच्या मालक घराण्यातल्या ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी २००२ साली, सत्तर वर्षांनी, आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली.

या घटनेच्या दोनच वर्षं आधी, २५ सप्टेंबर १९३० ला, उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला होता. शेतकरी आणि आदिवासी कोयते घेऊन सरकारी जंगलात शिरले, गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच वर्षी सांगलीकडे बिळाशीलाही जंगलासाठी असाच लढा झाला. रान कुणाचं, हा प्रश्न आपल्याकडे आणि इथे एकाच काळात, एकाच राजवटीला विचारला जात होता. आणि ज्या १९३२ मध्ये किंडरवर तरुण चढले त्याच वर्षी लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. या दोन्ही गोष्टींना २०३२ मध्ये शंभर वर्षं होतील. शताब्दीला नाट्यगृहं भरतीलच, पण त्या वर्षी एक मराठी तुकडी किंडरवरही दिसावी असं मला फार वाटतं. त्याची सवय आत्तापासून लावायला हवी.

आता प्रत्यक्ष वाटेबद्दल. सुरुवात हेब्डन ब्रिज या गावापासून करावी असं मी सुचवते. लीड्स आणि मँचेस्टर दोन्हीकडून थेट आगगाडी आहे, तासाच्या आत पोचते. गाडी नसलेले विद्यार्थीही येऊ शकतात, हा मुद्दा माझ्या दृष्टीने मोठा आहे. स्टेशनातून कालव्याच्या कडेने गावात यायचं. गावाच्या मधोमध सोळाव्या शतकातला दगडी पूल आहे, लादलेले घोडे जाण्यापुरता अरुंद. त्याच्याखालून वाहणाऱ्या हेब्डन वॉटर या ओढ्याला उजवी-डावी घालत चालत राहिलं की घरं मागे पडतात आणि हार्डकॅसल क्रॅग्सचं रान सुरू होतं.

हे रान नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. बीच, ओक, बर्च, मधूनच पाइन. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात झाडांखाली निळी ब्लूबेल फुललेली असतात. ओढ्याचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, कारण ते वरच्या पीटमधून, म्हणजे न कुजता साठलेल्या वनस्पतींच्या थरातून, गळत येतं. ते घाण नसतं, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. पण या रानात बघायची खरी गोष्ट म्हणजे मुंग्यांची वारुळं. पाइनच्या सुया, काटक्या, वाळकी पानं रचून केलेले ढीग, काही गुडघ्याला लागतील इतके उंच. कवडसा पडेल अशा जागी ते असतात. लांबून ढीग निर्जीव दिसतो. जवळ जाऊन खाली बसलं की सगळा पृष्ठभाग हलत असतो, आणि नीट कान दिला तर सुयांवरून हजारो पाय फिरल्याची बारीक सळसळ ऐकू येते. या मुंग्या झाडावर चढून मावा पाळतात, त्याचा गोड रस पितात. आठ-दहा वर्षांच्या मुलाला इथून हलवणं अवघड जातं. हलवूही नये. मंडळाच्या वेळापत्रकात इथे अर्धा तास मोकळा ठेवा.

पुढे ओढ्यातल्या पायदगडांवरून गेलं की गिब्सन मिल लागते. १८०० च्या सुमारास पाण्याच्या चाकावर चालणारी ही कापसाची गिरणी उभी राहिली. १८३३ मध्ये इथे २१ कामगार होते आणि आठवड्याला सरासरी ७२ तास राबत होते. गिरणी बंद पडल्यावर पुढे इथे नाच आणि स्केटिंग चाले. आज ती स्वतःची वीज स्वतः करते, पाण्यावर आणि उन्हावर. चहा मिळतो, स्वच्छतागृह आहे.

या गिरणीसमोर बसून मुलांना एक गोष्ट सांगता येईल. शाळेत त्यांना औद्योगिक क्रांती शिकवतात, पण हा भाग सहसा राहून जातो. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडून येणारा कापूस बंद झाला आणि डोंगरापलीकडच्या लँकेशायरमध्ये हजारो कामगारांच्या घरी चूल पेटेना. तेव्हा मुंबई बंदरातून हिंदी कापूस आला. आखूड धाग्याचा, सारखा तुटणारा. इथले कामगार त्याला सरसकट ‘सुरत’ म्हणत आणि वैतागत. त्याच वर्षांत खानदेश-वऱ्हाडात कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरबाजाराचं वेड लागलं आणि १८६५ मध्ये सगळं कोसळलं. म्हणजे या दऱ्यांचा आणि जळगाव-अमरावतीच्या काळ्या मातीचा संबंध आपण इथे येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. ज्या मुलांना सारखं विचारलं जातं की तुम्ही मूळचे कुठले, त्यांच्या हातात हे उत्तर द्यावं असं मला वाटतं.

गिरणीपासून ओढ्याच्या कडेने आणखी वर ब्लेक डीनपर्यंत गेलं की झाडं संपतात. रस्ता ओलांडून पुढे पेनाइन वे धरायची. डर्बीशायरपासून स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत जाणारी, १९६५ मध्ये खुली झालेली सव्वाचारशे किलोमीटरहून लांब पायवाट. तिचा थोडासा तुकडा हेप्टनस्टॉल मूरवरून जातो आणि तो या फेरीचा माथा आहे.

मूरवर पहिल्यांदा गेलेल्या माणसाला तिथे काहीच नाही असं वाटतं. झाड नाही, घर नाही, गवत तपकिरी, वारा सारखा. थोडा वेळ द्यावा लागतो. मेमध्ये कॉटनग्रासचे पांढरे बोंडासारखे तुरे डोलत असतात. कर्ल्यूची लांबलचक थरथरती शीळ येते. कोकणच्या खाड्यांत हिवाळ्यात लांब वाकड्या चोचीचा जो पक्षी चिखल उकरताना दिसतो, त्याचीच ही जात. इथे ती जमिनीवर घरटं करते, म्हणून १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड दोरीने बांधून न्यावा लागतो. आणि पायाखाली पीट असतं. ओल्या जागी न कुजता साठत गेलेल्या वनस्पतींचा थर, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढणारा. मीटरभर खोलीचा थर म्हणजे हजार वर्षं. वाट सुटली की पाय घोट्यापर्यंत जातो. म्हणून पेनाइन वेवर ठिकठिकाणी पाडलेल्या जुन्या गिरण्यांच्या फरशा आणून अंथरल्या आहेत.

हा पीट पाणी धरून ठेवतो, पण त्यावरचं शेवाळ जिवंत असेल तरच. गिरण्यांच्या काजळीने ते मेलं, चर खणून पाणी काढून टाकलं गेलं, ग्राउससाठी हीदर नावाची झुडपं जाळली गेली. उघडा पडलेला मूर पाणी धरत नाही, ते धावत खाली जातं. खाली हेब्डन ब्रिज आहे. २०१२ चा पूर, २०१५ मधला नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा पूर, २०२० चा पूर, दुकानांमध्ये माणसाच्या छातीइतकं पाणी. आता वर शेवाळ पुन्हा लावलं जातंय आणि हार्डकॅसल क्रॅग्सच्या लहान ओढ्यांमध्ये ‘स्लो द फ्लो’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी लाकडं आडवी रचून पाण्याचा वेग मोडलाय. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ऐकत मोठ्या झालेल्या आणि गावात श्रमदानाने बांध घातलेल्या आपल्या माणसांना हे काम एका नजरेत कळेल. त्यांचं तिथे स्वागतच होईल. शेजारच्या वॉलशॉ मूरवर मोठ्या पवनचक्क्या उभारायचा प्रस्ताव आहे आणि त्यावरून इथे जोरदार वाद चालू आहे. कुठल्याही बाजूने मत द्यायचं तरी आधी तो मूर पायाखालून गेलेला असावा. आपण इथे कर भरतो, मतं देतो, आणि या चर्चेत कुठेच नसतो, याचं मला वाईट वाटतं.

मूरवरून कोल्डनच्या शेतांमध्ये उतरलं की पुन्हा गडगे सुरू होतात. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड, थेट कोकणातल्यासारखे. काही ठिकाणी पलीकडे जायला गडग्यातच लांब दगड आडवे बसवलेले असतात. तिथून हेप्टनस्टॉल. हातमागवाल्यांचं जुनं गाव, काळ्या पडलेल्या दगडांची घरं, एकाच आवारात दोन चर्च. जुन्याचं १८४७ च्या वादळात नुकसान झालं, मग शेजारी नवीन बांधलं. शेवटी फरसबंदीची उभी उतरण थेट त्या जुन्या पुलाशी आणून सोडते.

पूर्ण फेरी साधारण सोळा ते अठरा किलोमीटरची, जेवण-विश्रांती धरून दिवस जातो. सगळ्यांना ती जमणार नाही आणि जमायची गरजही नाही. गिरणीपर्यंत जाऊन हेप्टनस्टॉलवरून परत यायचं ठरवलं तर वाट जवळजवळ अर्ध्यावर येते. ज्यांना तेही नको त्यांनी गिरणीपर्यंतच्या रुंद कच्च्या रस्त्याने जावं, तिथे बसावं आणि त्याच वाटेने परतावं.

हे मी विशेष करून आई-बाबांसाठी म्हणते आहे. मे-जूनमध्ये ते येतात, सहा महिन्यांच्या व्हिजावर. पहिले पंधरा दिवस कौतुकाचे. मग मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि ही दोघं खिडकीत. गावाकडे रोज पहाटे टेकडी चढणारे सासरे इथे सोसायटीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतात, कारण पुढची वाट कुणाची ते माहीत नाही. जावई एखाद्या रविवारी लंडन दाखवतो, विंडसर दाखवतो. त्यांना हवं असतं ते मात्र साधं असतं : आपल्या वयाचं कुणीतरी बरोबर, मराठीत गप्पा, आणि पायाखाली माती. मंडळाने वर्षातून एकदा ही वाट दाखवली तर पुढच्या मंगळवारी त्यातले चारजण आपापले निघतील. साडीवर बूट घालून निघालेल्या आज्यांना थांबवायला कुणी येणार नाही.

अडचणी मला माहीत आहेत. पाऊस. सह्याद्रीचा पाऊस खाल्लेल्यांना इथल्या पावसाचं भय नसावं, पण थंडी त्याबरोबर येते हे खरं. मेमध्येसुद्धा मूरवर जाकीट लागतं आणि सुती जीन भिजली की वाळत नाही. स्पोर्ट्स शूज गिरणीपर्यंत चालतील, वर घोट्याला आधार देणारे बूटच हवेत. मूरवर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २१ हा कागदी नकाशा आणि तो वाचता येणारा एकजण प्रत्येक तुकडीत असावा. गायी वासरांसकट असतील तर लांबून वळसा घाला. फाटक जसं दिसलं तसं ठेवा, उघडं तर उघडं, बंद तर बंद. जेवणाची चिंता आपल्याला करायचं कारणच नाही. दशम्या, चटणी आणि थर्मासमधला चहा यापलीकडे काही लागत नाही, आणि कचरा मात्र सगळा परत आणायचा.

विम्याचं काय, जबाबदारी कुणाची, हे प्रश्न बैठकीत निघतील आणि निघायलाच हवेत. पण मुलांच्या सहली शाळा नेतात, रॅम्बलर्स या चालणाऱ्यांच्या संस्थेचे स्थानिक गट दर आठवड्याला माणसं नेतात. त्यांच्यातल्या कुणाला पहिल्या वर्षी बरोबर यायला सांगा. माझा अनुभव असा की विचारलं तर ते आनंदाने येतात.

तारखेबद्दल एक सूचना. ऑगस्टमध्ये हीदर फुलते, सगळा मूर जांभळा होतो, पण तेव्हा निम्मी कुटुंबं भारतात असतात आणि उरलेली गणपतीच्या तयारीत. मेचा दुसरा शनिवार धरा. ब्लूबेल असतात, दिवस रात्री नऊपर्यंत असतो, आणि आई-बाबांची विमानं नुकतीच उतरलेली असतात. लंडनच्या आणि दक्षिणेकडच्या मंडळांनी आपल्या जवळची वाट निवडावी, दक्षिणेतही रानं आणि हीथ, म्हणजे झुडपी माळ, आहेत. उत्तरेकडच्या मंडळांनी मिळून हेब्डन ब्रिजला यावं.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे घ्या. वाट आखायला, आधी एकदा चालून बघायला, नकाशा कसा वाचायचा हे हॉलमध्ये तासभर शिकवायला मी तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखी काहीजण तुमच्या सभासदांतच निघतील, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नाही.

आपली नम्र,
वेस्ट यॉर्कशायरमधली एक सभासद